भाजी हे तोंडीलावणे की जेवण? चौघांच्या घरात रोज किती भाजी असावी?

प्रश्न : मेथीची जुडी (नाशिक)

नमस्कार. आमच्या घरात चार माणसे आहेत : सासूबाई (वय ७१, रक्तदाबाची गोळी चालू आहे), यजमान (४८), मी (४४) आणि मुलगा (१४). गेल्या महिन्यात यजमानांच्या रक्ततपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातील साखरेचे सरासरी माप) ६.१ आले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही. "भाज्या वाढवा, रोज चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू," एवढेच त्यांनी सांगितले.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "दोन्ही वेळा ताटात भाजी असतेच की." मलाही तोवर तसेच वाटत होते, म्हणून एक दिवस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी सगळे मोजून पाहिले. अर्धा किलो फ्लॉवर आणला होता. पाला आणि जाड दांडे काढल्यावर तो ३१० ग्रॅम उरला. त्यात दोन मोठे बटाटे चिरून घातले. ही एवढी भाजी चौघांना सकाळी डब्यात आणि रात्री उरलेली अशी दोन वेळा पुरली, म्हणजे दिवसभरात माणशी फ्लॉवर ८० ग्रॅमसुद्धा नव्हता. त्याच दिवशी यजमानांच्या पोटात सात पोळ्या आणि रात्रीचा भात गेला. कोशिंबिरीच्या नावाने काकडीच्या चार चकत्या होत्या. हे आकडे कागदावर लिहिल्यानंतर मला खरोखर वाईट वाटले, कारण रोज ताजा स्वयंपाक करूनही आपण घरच्यांना भाजी जवळजवळ खाऊ घालतच नाही, हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आले नव्हते.

माझे विचारणे असे आहे की, माणशी दिवसाला भाजी किती असावी आणि त्यात बटाटा धरायचा की नाही? दुसरे म्हणजे, भाजी खाल्ल्याने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शरीरात नेमका कोणता फरक पडतो आणि त्याला भक्कम पुरावा आहे का? एका परिचित बाईंनी सुचवले की भाज्यांच्या अर्काच्या गोळ्या मिळतात, त्या घेतल्या की निवडण्या-चिरण्याचा त्रास वाचतो. त्याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

उत्तर १ : ओसरी

ताई, तुम्ही वजनकाटा काढलात, तिथेच निम्मे काम झाले आहे. मी सव्वीस वर्षे आहारसल्ल्याचे काम केले आणि त्या काळात "आम्ही भाजी भरपूर खातो" असे सांगणाऱ्यांपैकी फारच थोड्या घरांनी ती कधी मोजली होती.

आधी प्रमाणाविषयी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. बैठे काम करणाऱ्या व्यक्तीच्या सुमारे २००० कॅलरींच्या दिवसासाठी त्यांत भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, सुका मेवा व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशोब दिला आहे. ही सगळी वजने कच्च्या जिनसांची आहेत. जागतिक आरोग्य संघटना फळे आणि भाज्या मिळून रोज किमान ४०० ग्रॅम सांगते आणि त्यात बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय कंद धरत नाही. त्यामुळे बटाट्याची भाजी केली तर ती पोळी-भाताच्या हिशोबात टाकावी. बटाटा वाईट नाही. तुमच्या कढईत तो फ्लॉवरची जागा अडवून बसला होता, एवढीच तक्रार आहे.

पण मला याहून महत्त्वाचे वाटते ते आपल्या भाषेतच दडलेले आहे. आपण भाजीला "तोंडीलावणे" म्हणतो. पोळी किंवा भाकरी हे जेवण, आणि ती घशाखाली उतरावी म्हणून तिच्यासोबत थोडे काहीतरी चवीचे, ही ताटाची कल्पना ज्या काळात रुजली, त्या काळात माणूस दिवसभर शेतात राबत होता आणि धान्याची प्रत्येक कॅलरी घामात जिरत होती. आज आपण आठ तास खुर्चीवर बसतो, मात्र ताटाची मांडणी तीच ठेवली आहे. भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी पन्नास ते सत्तर टक्के ऊर्जा केवळ धान्यांतून येते आणि ती पंचेचाळीस टक्क्यांच्या आत असावी, असे वरच्या सूचनांमध्येच म्हटले आहे. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असे : भाजी, उसळ आणि कोशिंबीर यांना जेवण माना आणि पोळीला त्यांच्यासोबतचे तोंडीलावणे करा. ताट वाढताना आधी भाजी आणि कोशिंबिरीने अर्धे ताट भरा, मग पाव भागात उसळ किंवा घट्ट वरण वाढा आणि राहिलेल्या जागेत जेवढी पोळी-भाकरी बसेल तेवढीच घ्या.

आता दीर्घकाळात काय घडते ते पाहू. भाजीतला तंतुमय पदार्थ अन्नाचे पचन आणि शोषण संथ करतो, त्यामुळे पिष्टाची साखर रक्तात एकदम उसळत नाही. जो तंतू आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे खाद्य होतो आणि त्यांनी तयार केलेली काही आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू मिळायला हवेत. मैद्याचे पदार्थ, पांढरा भात आणि चमचाभर भाजी अशा जेवणातून तेवढे मिळणे अशक्यच आहे. भाज्यांतले पोटॅशियम मूत्रपिंडाला जादा सोडियम बाहेर टाकायला मदत करते, म्हणून रक्तदाबाशी त्याचा थेट संबंध येतो.

पुराव्याबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून दोन-तीन प्रयोग थोडे सविस्तर सांगते. १९९७ मध्ये अमेरिकेत ४५९ प्रौढांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो 'डॅश' या नावाने ओळखला जातो. आठ आठवडे लोकांना मोजून जेवण दिले गेले. मिठाचे प्रमाण सगळ्या गटांत सारखे ठेवले होते आणि कोणाचे वजनही कमी होऊ दिले नव्हते. तरीही भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही भरपूर असलेल्या गटात वरचा रक्तदाब नेहमीच्या जेवणाच्या गटापेक्षा सरासरी ५.५ अंकांनी अधिक उतरला. ज्यांना मुळात उच्च रक्तदाब होता, त्यांच्यात हा फरक ११.४ अंकांचा होता. केवळ जेवण बदलून, आठ आठवड्यांत.

तुमच्या यजमानांना अधिक जवळचा ठरेल असा प्रयोग चेन्नईतला आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांना तीन वर्षे तपासले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला होता, त्यांच्यातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचा आहार सुधारला, म्हणजे साखर आणि मैद्यासारखे पिष्ट कमी करून तंतुमय अन्न वाढवले आणि रोज चालण्याची सवय लावली, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी देऊनही जवळपास तेवढाच फायदा झाला. एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही उंबरठ्याची पातळी मानतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी तीन महिने दिले हे योग्यच केले. यात भाजीचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. म्हणून भाजी वाढवली की चालायला नको, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

अर्काच्या गोळ्यांबद्दल मी स्पष्टच लिहिते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. गाजरासारख्या भाज्या खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, मग त्यातले बीटा-कॅरोटीन वेगळे काढून गोळीतून दिले तर चालेल का, असा तो प्रश्न होता. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजरात तंतू, पाणी, खनिजे आणि कितीतरी इतर द्रव्ये एकत्र असतात. त्यांतले एकच उचलून मोठ्या मात्रेत दिले की परिणाम वेगळा होऊ शकतो. कमतरता तपासणीत सिद्ध झाली असेल तर डॉक्टरांनी दिलेले लोह, ब-१२ किंवा ड जीवनसत्त्व अवश्य घ्यावे, परंतु भाजीच्या जागी गोळी हा सौदा करू नये.

उत्तर २ : डोंगरपायथा (अकोले)

ओसरी यांनी शास्त्र उत्तम सांगितले आहे. मला भाजीच्या वाणांविषयी लिहायचे आहे, कारण ४०० ग्रॅम हा आकडा ऐकला की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बाराही महिने फ्लॉवर, कोबी, भेंडी आणि ढोबळी मिरची एवढेच येते आणि चार दिवसांत कंटाळा येऊन सगळे पुन्हा बटाट्यावर येते.

आमच्याकडे ताटातली भाजी पंचांगाप्रमाणे बदलते. मृगाचा पाऊस पडला की टाकळा आणि कुर्डू उगवतात, पाठोपाठ भारंगी आणि करटुली येतात. श्रावण-भाद्रपदात दोडका, घोसाळे, पडवळ आणि वेलावरची काकडी असते. थंडीत चाकवत, करडई, मुळ्याचा पाला, हरभऱ्याचा कोवळा पाला यांची रेलचेल असते. हरभऱ्याचा पाला खुडून सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवतात आणि उन्हाळ्यात ताजी भाजी महागली की तोच पाला ताकात किंवा डाळीच्या पिठात शिजवतात. माझी आई अजूनही पाला खुडायला पहाटे जाते. हाताला त्याची आंब लागते, बोटे चुरचुरतात, आणि दुपारी त्याच हातांनी केलेली पातळ भाजी आम्ही भाकरीपेक्षा जास्त खातो.

आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती देशी बियाणे जपल्याबद्दल. घेवडा, वाल आणि पालेभाज्यांचे जे वाण लोक विसरत चालले होते ते त्यांनी गावोगावच्या बायकांच्या परसात पुन्हा नेऊन लावले. परसबागेत वालाचा एक वेल, शेवग्याचे एक झाड आणि अळूची चार पाने असली की बाजारात न जाताही आठवड्यातले दोन दिवस निघतात. नाशिकमध्ये गच्ची असेल तर ताई, तुम्हाला कुंडीत मेथी आणि माठ सहज करता येईल. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते.

रानभाजीच्या बाबतीत एक विनंती मात्र आहे. ओळख पक्की असल्याशिवाय कोणीही स्वतः खुडून खाऊ नये. शेवळासारखी भाजी काकडाच्या फळाबरोबर शिजवली नाही तर घसा भयंकर खाजतो, आणि काही झाडे तर विषारीच असतात. आदिवासी बाया ज्या विकायला आणतात त्यांनाच पाककृती विचारून घ्यावी. त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगत नाही.

उत्तर ३ : काठावरचा

आमच्या घरी जे झाले ते इथे लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण "भाजी वाढवा" हा सल्ला बहुतेकांना लागू असला तरी सगळ्यांना सारखा लागू नसतो.

माझ्या वडिलांच्या हृदयातली झडप बदललेली आहे आणि ते रक्तात गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन घेतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुठेतरी ऐकून रोज सकाळी मोठा पेला भरून पालकाचा रस सुरू केला. आम्हालाही ते चांगलेच वाटले. पुढच्या महिन्याच्या तपासणीत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) खूप खाली गेलेला निघाला, म्हणजे गोळीचा परिणामच होत नव्हता. हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि वॉरफरिन नेमके त्याच्याच विरुद्ध काम करते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. गोळी सुरू करताना आम्हाला हे कोणीही समजावून सांगितले नव्हते, याचे दुःख अजून आहे. डॉक्टरांनी पालेभाजी बंद करायला सांगितले नाही; दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खा, अचानक वाढवू नका किंवा सोडू नका, असे सांगितले. आता वडील आठवड्यातून तीन दिवस एक-एक वाटी पालेभाजी खातात आणि आयएनआर स्थिर आहे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही स्वतःच्या मनाने भाज्या वाढवू नयेत, कारण रक्तातले पोटॅशियम वाढणे त्यांच्यासाठी धोक्याचे असते. ऑक्झलेटचे मूतखडे वारंवार होत असतील तर पालकाऐवजी मेथीसारख्या भाज्या निवडाव्यात. ताई, तुमच्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही पोटॅशियम वाढू शकते, तेव्हा मोठा बदल करण्याआधी त्यांच्या गोळीचे नाव दाखवून डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

मेथीची जुडी

तिघांचेही मनापासून आभार. सासूबाईंच्या डॉक्टरांना मी काल गोळीची पट्टी दाखवली. भाज्या वाढवायला हरकत नाही, लोणचे आणि पापड मात्र कमी करा, असे ते म्हणाले.

दोन अडचणी उरल्या आहेत. सासूबाईंना दातांमुळे कच्ची कोशिंबीर आणि गवारीसारख्या भाज्या चावत नाहीत. मुलगा बटाटा आणि पनीर सोडून कशालाही हात लावत नाही, बळजबरी केली की ताटावरून उठतो.

उत्तर ४ : ओसरी

सासूबाईंसाठी दुधी, लाल भोपळा, पडवळ, दोडका यांच्या मऊ शिजवलेल्या भाज्या, ताकातला चाकवत, डाळमेथी, अळूचे फदफदे आणि वांग्याचे भरीत हे सगळे आपल्याकडे आधीपासून आहे. काकडी किसून दह्यात कालवली तर चावावी लागत नाही. भाजी शिजवल्याने क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होते हे खरे, पण टोमॅटो-गाजरातली रंगद्रव्ये शिजवल्यावर आणि थोड्या तेलात परतल्यावर शरीराला जास्त मिळतात, त्यामुळे शिजवलेल्या भाजीला दुय्यम समजण्याचे कारण नाही. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, झाकण ठेवून बेताच्या पाण्यात शिजवावी, हिरवा रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालू नये. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह चांगले शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की तेच शोषण घटते. तुमच्यासाठी आणि सासूबाईंसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

मुलावर बळजबरी करू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. नवी चव मुलाला मान्य व्हायला तो पदार्थ अनेकदा समोर यावा लागतो, दहा-बारा वेळासुद्धा. भाजी ताटात वाढावी, घरच्या मोठ्यांनी ती त्याच्यासमोर चवीने खावी आणि त्याने ती उष्टी टाकली तरी त्यावर चर्चा करू नये. त्याला बटाटा आवडतो ना, मग बटाट्याच्या भाजीत आज मूठभर मटार, पुढच्या आठवड्यात फरसबी, असे एकेक वाढवत न्यावे. थालीपिठात किसलेला दुधी आणि चिरलेली मेथी सहज जाते. वाढत्या वयात त्याला प्रथिनेही हवीत, म्हणून मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा अंडे रोजच्या जेवणात असू द्या. नुसती भाजी वाढवून जेवण समतोल होत नाही.

उत्तर ५ : सांजवात (डोंबिवली)

वरच्या सगळ्या उत्तरांत एका गोष्टीचा उल्लेख राहिला आहे. चौघांची दिवसाची माणशी ४०० ग्रॅम भाजी म्हणजे निवडून १.६ किलो भाजी झाली. ती आणणे, निवडणे, धुणे, चिरणे, शिजवणे हे सगळे काम बहुतेक घरांत एकाच बाईच्या माथी येते. डॉक्टर नवऱ्याला सांगतात "भाज्या वाढवा" आणि वाढते ते बायकोचे काम. मी लोकलने रोज अडीच तास प्रवास करते. पालेभाजीच्या दोन जुड्या रात्री नऊला निवडायला बसणे मला शक्य नव्हते, म्हणून आमच्याकडे कित्येक वर्षे पालेभाजी फक्त रविवारी होत असे. आता रविवारी आम्ही सगळे मिळून दोन तास बसतो. मेथी, शेपू निवडून न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतो, गवार आणि घेवडा मोडून ठेवतो, मटकी भिजत घालतो. पालेभाजी तीन-चार दिवसांत संपवतो आणि आठवड्याच्या शेवटी दुधी-भोपळा वापरतो, कारण तो टिकतो. ताई, हे काम तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका, नाहीतर ते दोन महिन्यांत बंद पडेल.

मेथीची जुडी

सांजवात, तुमचे उत्तर मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. आज संध्याकाळी ते वर्तमानपत्र पसरून मेथीच्या तीन जुड्या घेऊन बसले आणि सासूबाईंनी त्यांना पाने कशी खुडायची, पिवळे पान कुठले टाकायचे आणि कोवळा देठ कुठवर घ्यायचा हे शिकवले. निवडायला पाऊण तास लागला. तीन जुड्यांची मिळून निवडलेली पाने ४२० ग्रॅम भरली आणि शिजल्यावर त्यांची चार लहान वाट्या डाळमेथी झाली. जोडीला दुध्याची भाजी आणि गाजर-काकडीची कोशिंबीर होती. यजमानांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली नाही. मुलाने दुधी तसाच ठेवला, पण वडिलांनी निवडलेली म्हणून मेथीचा एक घास घेतला.